स्वस्त क्लॅरोनेट चालते, मग स्वस्त सोप्रानो सॅक्सोफोन का नाही?

गणपती जवळ आले की कोल्हापुरात दरवर्षी एकच वाद रंगतो: मिरवणुकीत डॉल्बी लावायची की नाही. पोलिसांच्या बैठका होतात, मंडळे शब्द देतात, काही मंडळे तो पाळतातही आणि हलगी, लेझीम, ढोल-ताशा, बँड यांच्याकडे वळतात. या निमित्ताने पेठेतली चार पोरे वाद्य शिकायचे मनावर घेतात. ज्याला ताल हवा त्याला पथकात जागा मिळते. ज्याला सूर हवा तो मोबाइल उघडतो, आणि तिथे त्याला दोन फोटो दिसतात. एक काळी क्लॅरोनेट, चंदेरी चाव्यांची, तेरा-चौदा हजारांची. दुसरा तेवढाच लांब, सरळ, सोन्यासारखा चमकणारा सोप्रानो सॅक्सोफोन, पंचवीस-तीस हजारांचा. थोडे खाली सरकले की त्याच दोन वाद्यांची नामांकित रूपे दिसतात, चार लाख, पाच लाख. मग घरातून प्रश्न येतो: एवढा फरक कशाचा? नुसत्या नावाचा?

थोडा नावाचाही आहे. पण बाकीचा फरक या दोन वाद्यांत सारखा नाही, आणि गोम इथेच आहे. साध्या पण बऱ्या कंपनीच्या प्लॅस्टिक क्लॅरोनेटवर माणूस पाच-सात वर्षे सुखाने शिकू शकतो, कार्यक्रमही करू शकतो. त्याच पैशांतला सोप्रानो मात्र बहुतेक वेळा नवशिक्याचा कान बिघडवतो. असे का होते ते कळायला दोन्ही वाद्यांच्या आत डोकवावे लागेल.

## दिसायला भावंडे, आतून परकी

दोन्ही वाद्ये एकाच युक्तीने वाजतात. तोंडात धरायच्या भागाला माऊथपीस म्हणतात. त्याच्यावर एक पातळ पत्ती आवळलेली असते, म्हणजे रीड. ही पत्ती बोरूसारख्या एका उंच गवताची. तिचे नावाजलेले पीक दक्षिण फ्रान्समधल्या वार भागात येते. फुंकर मारली की पत्ती थरथरते आणि नळीतली हवा हलवते. सुराची उंची नळीतली हवा ठरवते, पत्ती फक्त तिला डिवचते.

दोन्ही वाद्ये बी-फ्लॅटची, आपल्या भाषेत काळी पाचची. वादकाने आपल्या बोटांचा ‘सी’, म्हणजे पांढरी एक, वाजवला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते. गायकाच्या पट्टीशी मेळ घालताना हे ध्यानात ठेवावे लागते, एवढेच.

आता नळी. क्लॅरोनेटची नळी आतून जवळजवळ सरळ असते, सुमारे १५ मिलिमीटर रुंद, आणि खालच्या कर्ण्याकडे उमलते. सॅक्सोफोनची नळी मात्र माऊथपीसपासून कर्ण्यापर्यंत सतत रुंदावत जाते, म्हणजे ती शंकू आहे. आपल्याकडची उदाहरणे घ्यायची तर बासरी सरळ, सनई शंकूची. फरक असा की बासरी दोन्हीकडून उघडी असते आणि क्लॅरोनेट माऊथपीसच्या बाजूने बंद असल्यासारखी वागते.

हा तपशील वरवर किरकोळ वाटतो, पण सगळे त्याच्यावर उभे आहे. सॅक्सोफोनवर मंद्र सा धरून वरच्या सप्तकाची चावी दाबली की मध्य सा मिळतो, जसा बासरीवर जोर लावला की मिळतो. क्लॅरोनेटवर तीच बोटे ठेवून चावी दाबली तर मध्य सा येतच नाही, थेट मध्य पंचम येतो. एका बाजूने बंद असलेल्या सरळ नळीचा तो स्वभाव आहे. म्हणूनच क्लॅरोनेटच्या खालच्या आणि वरच्या भागाची बोटे वेगवेगळी शिकावी लागतात, आणि म्हणूनच नवशिके पहिले वर्षभर वैतागतात. सॅक्सोफोन त्या मानाने लवकर ‘येतो’. विकणारे हेच सांगतात, आणि ते खोटे नाही. ते फक्त अर्धे आहे.

## शंकू बनवणे अवघड का

क्लॅरोनेट १७०० च्या सुमारास न्युरेम्बर्गच्या डेनर यांच्या कारखान्यात आकाराला आली. सॅक्सोफोनचे पेटंट अॅडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ मध्ये पॅरिसमध्ये घेतले. दोन्ही वाद्ये बनवायला लोकांना भरपूर वर्षे मिळाली आहेत, तरी शंकू अजून दाद देत नाही.

सरळ नळी बनवणे यंत्राला जमते. लाकडाला भोक पाडा, आतून घासून घ्या, किंवा प्लॅस्टिक साच्यात ओता. शंभरावी नळी पहिलीसारखीच निघते. शंकूत प्रत्येक ठिकाणची रुंदी वेगळी, आणि प्रत्येक भोकाची जागा नि आकार त्या ठिकाणच्या रुंदीवर ठरतो. पत्रा एका जागी किंचित जास्त ताणला गेला तरी दोन-तीन स्वर आपली जागा सोडतात.

त्यातही सोप्रानो लहान. टेनर या मोठ्या सॅक्सोफोनची नळी उलगडली तर याच्या साधारण दुप्पट भरते, आणि रुंदही. कोटाच्या मापात अर्धी बोटभर चूक झाली तर खपून जाते. बाळाच्या झबल्यात तेवढीच चूक झाली तर हात आत जात नाही. सोप्रानो म्हणजे हे झबले. मोठ्या सॅक्सोफोनवर पचणारी चूक इथे कानाला बोचते.

आणखी एक भानगड आहे, तिच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. शंकूला खरे तर टोक असते, पण सॅक्सोफोनचे टोक कापून तिथे माऊथपीस बसवतात. कापलेल्या टोकात जेवढी हवा मावली असती, साधारण तेवढीच हवा माऊथपीसच्या पोकळीने भरून काढायची असते. हिशेब चुकला की खालचे आणि वरचे सप्तक एकमेकांशी जुळत नाही. सोप्रानोत ही पोकळी इवलीशी असते, त्यामुळे स्वस्त वाद्यासोबत फुकट आलेला माऊथपीस हा बऱ्याचदा दुखण्याचा अर्धा भाग असतो.

परिणाम काय? दोन लगतच्या स्वरांमधले अंतर, म्हणजे पेटीवरची पांढरी एक ते काळी एक, १०० सेंट मानतात. चांगल्या वाद्यावर एखादा स्वर आठ-दहा सेंटने इकडेतिकडे असतो आणि वादक तो ओठांनी सावरतो. बेनामी सोप्रानोवर वरचे स्वर सहज तीस-चाळीस सेंट चढे निघतात आणि खालचे उतरे. सोप्रानो ओठांच्या दाबाला भलताच हळवा असल्याने मुलगा नकळत तो दोष ओठांनी झाकायला शिकतो. सहा महिन्यांनी त्याला चांगले वाद्य दिले तर तो त्यावरही बेसूर वाजतो, कारण ओठांना चुकीची सवय लागलेली असते. माझा आक्षेप पैसे वाया जाण्यापेक्षा या सवयीला आहे.

क्लॅरोनेट निर्दोष आहे असे नाही. तिच्यावरची सप्तक बदलण्याची चावी दोन कामे करते: वरचा भाग उघडते आणि खालच्या भागाच्या अगदी वरच्या टोकाचा, ‘घशातला’ म्हणतात तो एक स्वरही देते. एका भोकाला दोन नोकऱ्या लावल्यामुळे तो स्वर घुसमटलेला येतो, अगदी पाच लाखांच्या वाद्यावरसुद्धा. पण हा दोष सगळ्यांचा सारखा, माहीत असलेला, आणि सगळे शिक्षक त्याची तोड शिकवतात.

## मग महागड्या वाद्यात पैसे कुठे जातात

सगळ्यात आधी चाव्यांत. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत काम केलेल्या माणसाला ओतीव आणि घडीव यांतला फरक शिकवावा लागत नाही. अगदी स्वस्त वाद्यांच्या चाव्या ठिसूळ मिश्रधातूच्या ओतीव असतात. वाकल्या की सरळ करताना तुटतात, आणि तुटल्यावर जोड नीट बसत नाही. बऱ्या वाद्यांच्या चाव्या जर्मन सिल्व्हरच्या, घडीव. त्या वाकतात, पण परत जागेवर येतात. वर चांदीचा मुलामा असेल तर तो आवाजासाठी नव्हे, बोटांच्या पकडीसाठी आणि शोभेसाठी. चांदीकाम करणाऱ्या हुपरीकरांना विचारा, मुलाम्याला चांदी किती लागते ते सांगतील. वाद्याच्या किमतीत तो खर्च नगण्य असतो.

दुसरे, हात. प्रत्येक चावीखाली एक मऊ गादी असते, तिला पॅड म्हणतात. तो भोकावर चहूबाजूंनी सारखा टेकला तरच हवा गळत नाही. हे काम यंत्राने होत नाही. कारागीर एकेक पॅड गरम करून, दिवा लावून, फट बघत बसवतो. महागड्या क्लॅरोनेटची भोके आतल्या बाजूने हाताने थोडी रुंद केलेली असतात, त्यामुळे स्वर एकमेकांशी जुळतात आणि सहज बोलतात. पॅरिसजवळच्या बुफे क्रॅम्पाँ कंपनीचे आर१३ हे १९५० च्या दशकातले मॉडेल. नळी पूर्ण सरळ न ठेवता आत अगदी बारीक टप्पे ठेवल्याने त्याचे नाव झाले, आणि आजही जगभरच्या वाद्यवृंदांत ते वाजते.

ढोबळ भाव असे. यामाहाची वायसीएल-२५५ ही प्लॅस्टिकची विद्यार्थी क्लॅरोनेट नवी पन्नास हजारांच्या वर, जुनी चांगली त्याच्या निम्म्यात. आर१३ चार लाखांच्या पुढे. सोप्रानोत विश्वासाची पायरीच दोन लाखांच्या आसपास सुरू होते, यामाहाच्या वायएसएस-४७५ सारख्या मॉडेलपासून. जपानच्या यानागिसावाचे आणि पॅरिसच्या सेल्मरचे त्याच्याही वर. भाव दुकानागणिक आणि डॉलरगणिक हलतात, पण प्रमाण हलत नाही: क्लॅरोनेटची पहिली भरवशाची पायरी सोप्रानोच्या पायरीच्या चौथ्या हिश्शात मिळते.

## ‘पण लाकडाच्या आवाजाची गोडी प्लॅस्टिकला नाही ना?’

हा आक्षेप जुने बँडवाले हमखास घेतात, आणि त्यांच्या कानाला मी खोटे म्हणणार नाही. पण आवाज नळीच्या भिंतीत तयार होत नाही, आतल्या हवेत तयार होतो. लाकडी वाद्य गोड वाजते त्याचे मोठे कारण असे, की लाकूड वापरणाऱ्या कंपन्या त्या वाद्यावर हातकामही जास्त करतात. दोन गोष्टी एकत्र येतात आणि श्रेय लाकडाला जाते.

हे लाकूड म्हणजे टांझानिया-मोझांबिककडचे आफ्रिकन ब्लॅकवूड, पाण्यात बुडेल इतके जड आणि फार सावकाश वाढणारे. २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने आली. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली.

आता ते कोल्हापुरात आणा. जून ते सप्टेंबर रंकाळ्यावरची हवा पिळून काढावी अशी असते. लाकूड फुगते, जोड अडकतात, कधी दोन माणसांनी ओढूनही सुटत नाहीत. पुढे डिसेंबरच्या थंड सकाळी कोरड्या, गार लाकडात गरम, ओलसर फुंकर शिरली की वरच्या तुकड्याला तडा जाण्याची भीती. नवी लाकडी क्लॅरोनेट पहिले काही आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटेच वाजवावी, पुसून ठेवावी, असे म्हणतात ते याचसाठी. मे महिन्यातल्या वरातीत तीन तास उन्हात उभ्या राहणाऱ्या वादकाला हे कसे जमायचे? रस्त्यावर वाजवायचे असेल तर प्लॅस्टिक हाच शहाणपणाचा पर्याय, यात कमीपणा काही नाही. चांगली लाकडी क्लॅरोनेट असलेले कितीतरी व्यावसायिक वादक बाहेरच्या कार्यक्रमाला प्लॅस्टिकची दुसरी नेतात. बुफेची ‘ग्रीनलाइन’ ही मधली वाट: याच लाकडाची भुकटी राळेत दाबून बनवलेली, तडा न जाणारी, पण भाव लाकडीइतकाच.

पितळी सोप्रानोला तडा जात नाही. त्याला दमट हवेत कळंक चढतो आणि चामड्याचे पॅड चिकटायला लागतात. पुसून, वाळवून ठेवला तर टिकतो.

उन्हाचे आणखी एक. नळीतली हवा एक अंशाने तापली की सूर सुमारे तीन सेंट चढतो. कीबोर्ड चढत नाही. म्हणून दुपारच्या कार्यक्रमात क्लॅरोनेटचा बॅरल, म्हणजे माऊथपीसखालचा छोटा तुकडा, थोडा बाहेर ओढावा लागतो. ते न करता ‘वाद्यच खराब आहे’ म्हणणारे खूप भेटतात.

## ‘चिनी म्हणजे टाकाऊच का?’

नाही. जगातली नामांकित नावेही आपली विद्यार्थी वाद्ये आशियात बनवून घेतात, आणि तैवानमधले हौली हे गाव तर सॅक्सोफोनचेच गाव आहे. प्रश्न देशाचा नाही, कारखान्यातून निघताना शेवटी कोणी वाजवून पाहिले का, याचा आहे. बेनामी वाद्य तपासणारा कोणी नसतो, म्हणून एकाच खोक्यातले एक बरे निघते आणि शेजारचे वाजतच नाही. बेनामी क्लॅरोनेट घेतलीच तर दोन-तीन हजार खर्चून पॅड बसवून घ्या, पुष्कळदा ती मार्गाला लागते. सोप्रानोत मात्र नळीच चुकली असेल तर पॅड बदलून काही साधत नाही.

मेरठच्या जालीकोठीतून देशभरच्या बँडना वाद्ये जातात. तुतारी, बिगुल, युफोनियम यांत त्या लोकांचा हात बसलेला आहे. क्लॅरोनेट-सॅक्सोफोनच्या बारीक चाव्यांचे काम वेगळे, ते वाजवून पाहूनच घ्यावे.

निळे, लाल, हिरवे सॅक्सोफोन दिसले तर पुढे सरका.

## आजोबांची पेटीतली क्लॅरोनेट

संस्थानी काळापासून बँड वाजत आलेल्या शहरात अशा पेट्या निघतात. मोठ्या कौतुकाने दाखवतात. पाहताना दोन गोष्टी पाहा. चाव्यांची मांडणी आजच्या बोम पद्धतीची आहे की जुन्या अल्बर्ट पद्धतीची? अल्बर्ट वाईट नाही, पण शिकवणारा मिळणे कठीण. दुसरे, तिचा मूळ सूर. जुन्या ब्रिटिश लष्करी बँडची वाद्ये आजच्यापेक्षा चढ्या सुरात बनत; आज ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांवर धरतात, तेव्हा तो ४५२ च्या आसपास होता. म्हणजे जवळपास ५० सेंटचा फरक. अशी क्लॅरोनेट एकटी वाजवायला छान, पण पेटी किंवा कीबोर्डबरोबर कधीच जुळणार नाही, बॅरल कितीही ओढला तरी. अंगावर ‘एचपी’ (हाय पिच, म्हणजे चढा सूर) अशी इंग्रजी अक्षरे कोरलेली असतील तर तेच समजा. तिला काचेच्या कपाटात जागा द्या.

## ‘मला सोप्रानोच वाजवायचा आहे’

केनी जी या सोप्रानोवादकाला ऐकून वेडे झालेल्यांना हे सगळे सांगून उपयोग नसतो, आणि आवड ही आवड आहे. त्यांनी दोन वाटांपैकी एक धरावी. एक, ऑल्टो सॅक्सोफोनवर सुरुवात. बोटे तीच, नळी मोठी असल्याने चुका पोटात घालणारी, आणि बऱ्या कंपनीचा जुना ऑल्टो सोप्रानोपेक्षा खूप स्वस्त मिळतो. कद्री गोपालनाथ यांनी कर्नाटक संगीत सॅक्सोफोनवर आणले ते ऑल्टोवरच. दुसरी वाट क्लॅरोनेटची. न्यू ऑर्लिन्सचे जॅझ वादक सिडनी बेशे आधी क्लॅरोनेट वाजवत. १९२० च्या सुमारास लंडनमध्ये त्यांनी सरळ सोप्रानो घेतला आणि पुढे त्याचेच झाले. क्लॅरोनेटवर तयार झालेली तोंडाची पकड सोप्रानोवर सैल करणे जमते. उलट्या दिशेने जाणाऱ्याला बरेच नव्याने शिकावे लागते.

नाट्यगीत, भावगीत, लावणी वाजवायची असेल तर क्लॅरोनेटच्या बाजूने आणखी एक मुद्दा. तिची मुख्य भोके उघडी असतात, बोटाने हळूहळू उघडता येतात. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, तिथून निघते. सॅक्सोफोनवर प्रत्येक भोकावर झाकण, त्यामुळे मींड ओठांनी आणि चावी सावकाश उचलून काढावी लागते. ती कला वेगळी आणि कष्टाची.

## दुकानात उभे राहून काय कराल

पैसे आधी पत्तीत घाला. अडीच नंबरच्या (नंबर म्हणजे पत्तीचा कडकपणा) चांगल्या पत्त्यांची एक डबी घ्या. मग माऊथपीस: क्लॅरोनेटसाठी दहा हजारांच्या आसपासचा चांगला माऊथपीस स्वस्त वाद्याचा जेवढा कायापालट करतो, तेवढा वाद्य बदलून होत नाही. सोप्रानोतही मदत होते, पण नळीची चूक तो भरून काढू शकत नाही.

मोबाइलवर तानपुऱ्याचे अॅप काळी पाचवर लावा. क्लॅरोनेटवर खालचा ‘सी’ धरा, तो तुमचा मंद्र सा. चावी दाबून पंचम काढा आणि तो तानपुऱ्याच्या पंचमात विरघळतो का ऐका. सोप्रानोवर तोच सा खालच्या, मधल्या आणि वरच्या सप्तकात धरा. ओठ आवळायचे नाहीत, सैल सोडायचे नाहीत, एकसारखे ठेवायचे. वरचा सा तानपुऱ्याला घासत असेल तर दुकानदार काहीही म्हणो, खोके बंद करा.

हवा गळते का पाहायला क्लॅरोनेटचा वरचा तुकडा वेगळा घ्या, खालचे तोंड तळहाताने दाबा, भोके बोटांनी झाका आणि वरून हवा ओढा. ओढ दोन-चार सेकंद टिकली पाहिजे. सोप्रानोवर सगळ्यात खालचे तीन-चार स्वर हळू आवाजात वाजवा. ते फक्त जोर लावल्यावरच येत असतील तर कुठेतरी पॅड उघडा आहे. स्वतःला वाजवता येत नसेल तर बँडमधल्या ओळखीच्या वादकाला घेऊन जा, आणि मोबाइलवरून मागवत असाल तर परत पाठवण्याची मुदत संपण्याआधी त्याला घरी चहाला बोलवा.